टांग्याची घोडी वाड्यावर

आमची घोडी साप चावून मेली आणि त्या दिवसापासून आमचं बिऱ्हाड आईच्या डोक्यावर आलं.

आम्ही वडूजच्या पलीकडच्या माळावरचे धनगर. पावसाळ्याचे चार महिने गावाकडं, बाकीचे आठ महिने मेंढरांच्या मागं. दसरा झाला की दहा-बारा घरं मिळून निघायची आणि कृष्णाकाठच्या काळ्या रानात उतरायची. ह्या फिरत्या वस्तीला आम्ही वाडा म्हणतो. त्याला भिंत नसते नि दारही नसतं. काठचे बागायतदार आपल्या शेतात रात्रीची मेंढरं बसवून घेतात. सकाळी रानात लेंडीखताचा थर पडलेला असतो, त्याबद्दल ते धान्य देतात. त्या धान्यावर आमचं वर्ष निघायचं.

वाडा हलतो तेव्हा घराघराचा संसार घोडीच्या पाठीवर असतो. तवा, परात, वाकळा, मेंढरं कोंडायची जाळी म्हणजे वाघर, कोंबड्यांची डालगी, आणि वाटेत जन्मलेली कोकरं. आमच्या घरात ते सगळं दोन सालं आईनं वाहिलं. चुलता लढाईवर गेला होता. वडील मेंढरांपुढं. मी शाळेत. दुसरी घोडी घ्यावी म्हटलं तर लढाईपायी चांगलं जनावर बाजारात टिकतच नव्हतं, आणि उरलेल्याला हात लावायची आमची ऐपत नव्हती.

घोडी नसलेलं घर वाड्यात मागं पडतं. पुढची घरं मुक्कामाला पोचून चुली पेटवायची तेव्हा आई अजून दोन मैलांवर असायची. पोचेपर्यंत सावलीची जागा गेलेली, पाण्याजवळची जागा गेलेली. उरलेल्या काट्याकुट्यात ती डोक्यावरचं उतरवायची. आपणहून जागा कुणी द्यायचं नाही.

तिसऱ्या साली आष्ट्याच्या अलीकडं एका ओढ्यात उतरताना तिचा पाय दगडावरून सरकला. डोक्यावर ओझं होतं म्हणून हात टेकता आले नाहीत. घोटा मोडला. वाड्यातल्याच एकानं कामट्या बांधून बसवला, तो वाकडा बसला.

मी तेव्हा सांगलीत कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. साताऱ्याच्या एका वसतिगृहात राहून मी मॅट्रिक झालो होतो. भाकऱ्या भाजायच्या, विहिरीचं पाणी ओढायचं आणि शिकायचं, असं ते वसतिगृह होतं. माझ्या आधी आमच्या घरात कुणी शाळेची तिसरी इयत्ताही बघितलेली नव्हती. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. किंवा सांगतो असं म्हणा, त्यात लाजण्यासारखं काय आहे.

पाय मोडल्यावर काही दिवसांनी वडील कॉलेजच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. तास सुटेपर्यंत ते तसेच उभे होते. माझ्याबरोबरचा एकजण हसून म्हणाला, "अरे, हा कुणाचा पाहुणा, चुकून बाजारातून इकडं आलाय वाटतं."

"माझा बाप आहे," मी म्हणालो. "चुकून नाही आला, विचारत आलाय."

आम्ही लिंबाच्या झाडाखाली बसलो. वडिलांनी आधी आईच्या पायाचं सांगितलं. मग जरा वेळ काठीनं माती उकरत राहिले.

"तू शिकलास त्येवढं बास झालं," ते म्हणाले. "पत्र वाचता येतंय, तार वाचता येतीय. चुलता लढाईवर. मेंढरं मी बघीन, पर वजं कोन उचलणार? तुझ्या आयला आता व्हायचं न्हाई."

"आणखी तीन वर्षं, आबा."

"तीन सालं ती काय लंगडत वजं न्हेईल व्हय?"

ते म्हणत होते ते बरोबर होतं, आणि तीच अडचण होती. चुकीचं म्हणाले असते तर भांडता आलं असतं.

"घोडी मिळाली तर?" मी विचारलं.

"घोडी मिळाली तर तू काय बी शीक. मला काय मेंढरांस्नी पुस्तक वाचून दावायचं न्हाई." मग उठता उठता म्हणाले, "आवसंपतोर वाडा आष्ट्याला हाय. पुढं हलायच्या आत घोडी तरी आन, न्हाईतर तू ये."

अवसेला बारा दिवस होते.

घोडी कुठं आहे हे मला ठाऊक होतं. खोलीवरून कॉलेजला जायच्या वाटेवर पांजरपोळ होता. म्हातारी, लंगडी, आंधळी, धन्यानं टाकलेली, नाहीतर कसायाच्या दावणीतून सोडवून आणलेली जनावरं तिथं मरेपर्यंत सांभाळत. उंच भिंत, आत लिंबाची झाडं, कडब्याच्या गंजी. सांगलीत आल्यावर पहिले काही महिने मला रात्री झोप लागत नसे, इतकं शांत वाटायचं. मेंढरांचा आवाज नाही, वास नाही. म्हणून मी रविवारी पांजरपोळात जाऊन बसत असे. नुसतं बसायला बरं वाटत नाही म्हणून वैरण तोडू लागे.

तिथली जनावरं बघायला एक म्हातारा होता. मूळचा साताऱ्याकडचा, जन्म सगळा रिसाल्यात घोडी खरारण्यात गेलेला. सगळे त्याला पेन्शनर म्हणत. त्याचे गुडघे वाकत नसत आणि नजर अधू झाली होती, पण जनावराच्या पावलाच्या आवाजावरून तो कुठला पाय दुखतो ते सांगे.

घोडी त्याच्याच ताब्यात होती. मातकट रंगाची, बुटकी, डाव्या डोळ्यात फूल पडलेलं. आठ-दहा वर्षं तिनं स्टेशनच्या टांग्याला काढली होती. मग सडकेवर चालताना पाय टाकीना झाली, तेव्हा टांगेवाल्यानं पांजरपोळात आणून बांधली. त्याचाही इलाज नसावा. जाताना तो तिच्या गळ्यातली घुंगरं तशीच ठेवून गेला होता.

"मऊ रानात चालंल का ही?" मी पेन्शनरला विचारलं.

"चालंल की. हिला डांबरी सडक बाधली. मातीत घाल, लय चालंल. पर कुनाला पायजे?"

मी सांगितलं. म्हाताऱ्यानं तोंडातला तंबाखू थुंकला. "गड्या, तुला देनार न्हाईत. कायदा हाय हितं. घर, गोठा नि जमीन, तिन्ही बघितल्याबिगर जनावर फाटकाभाईर जात न्हाई."

कायदा म्हणजे पांजरपोळाचा नियम. पेठेतले एक कापडाचे व्यापारी तिथला कारभार बघत. धर्मानं जैन, स्वभावानं सावध. आम्ही त्यांना शेठजी म्हणत असू. दुपारी ते कचेरीच्या ओसरीवर येऊन बसत, तेव्हा मी गेलो.

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "घर कुठं?"

"वडूजच्या पलीकडं. चार महिने."

"आणि बाकीचे आठ?"

"चारा असेल तिथं."

"बघ, तू शिकतोयस, समजून घे," शेठजी म्हणाले. "मागं एकाला बैल दिला. चांगलं घर होतं, गोठा होता. महिन्याभरात तो बैल कसायाच्या हातात दिसला. का, तर आम्ही मधे एकदाही बघायला गेलो नाही. तेव्हापासून बघायला जातो. आता तुमच्याकडं घोडी दिली तर मी बघायला जाऊ कुठं? कुठल्या ओढ्याला?"

हे बोलणं अडाणीपणाचं नव्हतं. मी म्हणालो, "वडिलांशी एकदा बोला."

"घेऊन ये," ते म्हणाले. "पण आशा लावून घेऊ नकोस."

मी शनिवारी चालत आष्ट्याला गेलो आणि वडिलांना निरोप दिला की सोमवारी दुपारी या, शेठजी भेटणार आहेत. एवढंच सांगितलं. आणखी एक गोष्ट सांगायला हवी होती, ती माझ्या डोक्यातच आली नाही. कॉलेजात मी युरोपचा इतिहास वाचत होतो. पण मोठ्या माणसाच्या दारी काम घेऊन जाताना माझा बाप काय हातात घेऊन जाईल, हे मला सुचू नये?

आमच्यात रीत अशी की असल्या माणसाकडं मोकळ्या हातानं जायचं नाही. आणि आमच्याकडं न्यायला दुसरं असतं तरी काय.

सोमवारी फाटकातून वडील आले ते एक बकरं दोरीला धरून. बकरं म्हणजे मेंढरातला नर. अंगानं भरलेलं, नीट कातरलेलं, कपाळाला भंडारा फासलेला. कपाळाला पिवळा भंडारा लावलेलं बकरं कशासाठी असतं हे त्या मुलखात लहान पोरालाही कळतं.

पेन्शनर पुढं झाला. "आवं, हे काय आनलं?"

"शेटजीला," वडील म्हणाले.

"फिरवा माघारी. बिगीनं फिरवा," पेन्शनर हळू आवाजात म्हणाला. पण शेठजी ओसरीवर उभे होते. त्यांनी बघितलं होतं.

वडिलांनी पायरीशी जाऊन रामराम केला आणि दोरी पुढं धरली. "घ्या, शेटजी. दोन दातांचं हाय, कवळं हाय. समद्या मेंढरातनं निवडून आनलंय. तुमास्नी नि घरच्यास्नी दोन दीस पुरंल."

शेठजींनी धोतराचा सोगा तोंडाला लावला आणि दोन पावलं मागं सरकले. ओसरीवर वैरणीचा हिशोब सांगायला आलेला माणूस होता, तो खाली बघू लागला. मी वडिलांना बाजूला घेतलं.

"आबा, शेठजी खात नाहीत."

"बकऱ्याचं न्हाई खात? कोंबडं आणायला पायजे हुतं व्हय?"

"कसलंच नाही."

वडिलांनी आवाज उतरवून, खऱ्या काळजीनं विचारलं, "कवापासनं आजारी हायत?"

पेन्शनर तोंड फिरवून खोकला. शेठजींना ऐकू गेलं असावं. पण ते हसले नाहीत. वडिलांशी न बोलता त्यांनी मला विचारलं, "तुम्ही खाता?"

त्या दोन-चार क्षणांत खोटं बोलायचं माझ्या मनात येऊन गेलं. कॉलेजात मी अर्ध्या गोष्टी लपवीत असे. घरी काय खातो, अंगाला कसला वास येतो, सुट्टीत काय करतो. इथं तर घोडी पणाला लागली होती. घोडी गेली तर कॉलेज गेलं. पण बाप शेजारी उभा होता आणि त्याच्या हातात बकऱ्याची दोरी होती.

"खातो," मी म्हणालो. "जत्रेला खातो, पाहुणा आला तर खातो. रोज खायला आम्ही काय श्रीमंत नाही. पण घोडी नि कुत्रं हे घरचं माणूस. आमची घोडी मेली तर तिला पुरली, कातडं काढू दिलं नाही. आईनं त्या दिवशी चूल पेटवली नाही. आता तुम्ही ठरवा."

शेठजी म्हणाले, "ज्या हातानं हे कापायचं, त्याच हातात मी दुसरं जनावर द्यायचं?"

ह्याचं धड उत्तर मला आजही देता येणार नाही.

वडिलांचं मात्र ह्या बोलण्याकडं लक्षच नव्हतं. त्यांनी दोरी लिंबाला अडकवली होती आणि ते घोडीपाशी गेले होते. आधी तिच्या चांगल्या डोळ्याच्या बाजूनं उभे राहिले, मानेवरून हात खाली नेत नेत पुढच्या पायाशी आले आणि पाय उचलून मांडीवर घेतला. घोडी हलली नाही.

"ह्यो नाल कवाचा?" त्यांनी विचारलं.

"टांग्याचाच," पेन्शनर म्हणाला. "आली तवापासनं तसाच हाय."

"आवं, खूर वाढून नालावर चढलाय. ही पाय टाकंल कशी? सडकेनं न्हाई, नालानं मारलंय हिला." मग माझ्याकडं न बघताच, "पकड आन."

पकड आली. वडिलांनी खिळे एकेक करून उपटले, चारी नाल काढले. मग कमरेचा विळा काढून वाढलेला खूर पापुद्र्यापापुद्र्यानं तासला. एका पायात नालाखाली खडा रुतून पू झाला होता. तो त्यांनी दाबून काढला, जागा गरम पाण्यानं धुतली आणि पेन्शनरकडून हळद मागून घेऊन भरली. पेन्शनर शेजारी उभा राहून बघत होता. मग तो म्हणाला, "माझं गुडघं वाकत न्हाईत, शेटजी. मला खाली बसून बघता आलं न्हाई. चूक माझी हाय." रिसाल्यातल्या माणसाच्या तोंडून हे यायला सोपं नसावं.

ह्या सगळ्याला तासभर तरी लागला. शेठजी पायरीवरून उतरून उन्हात उभे होते. वडिलांनी शेवटचा पाय खाली ठेवला तेव्हा घोडीनं चारी पाय जमिनीवर सारखे टेकले. इतके दिवस ती एक पाय उचलून धरायची.

"चांगली हाय," वडील म्हणाले. "देनार नसला तरी दर चार महिन्याला खूर काढत जावा." आणि हात धुऊन ते निघाले.

"ते घेऊन जा," शेठजी बकऱ्याकडं बोट दाखवून म्हणाले.

"न्हाई, शेटजी. दिलेलं परत न्ह्यायचं आमच्यात न्हाई."

"मी काय करू त्याचं?"

"खात न्हाई म्हनता, तर खाऊ नका. ठेवा. आता ते तुमचं."

शेठजींना पहिल्यांदाच हसू आलं, अगदी थोडं. "इथं रोज कुणी ना कुणी जनावर आणून टाकतं," ते मला म्हणाले. "मोडकं, आजारी. कळपातलं सगळ्यात चांगलं आणून देणारा मी बघितला नव्हता." त्यांनी पेन्शनरला बकरं आत नेऊन पाणी दाखवायला सांगितलं आणि वडिलांना ओसरीवर बसायला सांगितलं. वडील पायरीवर बसले.

"पण माझी अडचण आहे तशीच आहे," शेठजी म्हणाले. "घोडी दिली तर बघायची कशी? आठ महिने मी तुम्हाला कुठं शोधू?"

"तुमी कशाला शोधताय? आमी येतो की," वडील म्हणाले. "दर साली खाली उतरलो की हितं आनून दावतो. तुमचं रान हाय का काय?"

पांजरपोळाचं रान होतं. गावाबाहेर नदीच्या अंगाला, कडवळ पेरायचं. जनावरांची हिरवी वैरण तिथून येई.

"त्या रानात तीन रात्री मेंढरं बसवतो. दर साली. त्येचं धान्य नको, काय नको. तुमची घोडी आमच्याकडं, आमची मेंढरं तुमच्याकडं."

शेठजी कापडाचे व्यापारी. मेंढरं बसवणं म्हणजे काय ते त्यांना नीट उमगलं नाही. त्यांनी वैरणीचा हिशोब सांगायला आलेल्या माणसाकडं बघितलं. "हो म्हणा," तो म्हणाला. "रान थकलंय. दोन सालं कडवळ गुडघ्याच्या वर जात नाही. ह्यासाठी काठचे बागायतदार ह्या लोकांची वाट बघत बसतात."

शेठजींनी कागद मागवला. मजकूर मीच लिहिला: घोडी विकणार नाही, कुणाला देणार नाही, गाडीला जुंपणार नाही, चालेनाशी झाली तर पांजरपोळात आणून सोडू, आणि दर साली दाखवायला आणू. खाली वडिलांनी अंगठा उठवला आणि शेजारी मी सही केली. वडिलांनी कागद हातात घेऊन सही नुसती बघितली. उलटा धरला होता, पण मी सांगितलं नाही.

अवस तीन दिवसांवर होती.

घोडी वाड्यावर आली तेव्हा बायका जमल्या. गळ्यात घुंगरं आणि अंगावर टांग्याच्या साजाचे वळ; कुणालाही ओळखू येत होतं.

"आला बाई टांगा," एक म्हणाली. "आवं वैनी, ठेसनावर सोडताय का?"

आई वाकळेवर पाय लांब करून बसली होती. "सोडते की," ती म्हणाली. "पर तू बसलीस तर गरीब जनावर परत पांजरपोळात जाईल."

हसणं झालं, पण पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. मेंढरांची घोडी लहानपणापासून कळपात वाढते. हिला कळप म्हणजे काय ते माहीत नव्हतं. सडकेवर तिनं सगळा जन्म डोळ्याला झापडं लावून काढला होता. आता दोन्ही बाजूंनी तीनशे मेंढरं पोटाखालून जायला लागली की ती थरथरायची. पहिल्या दिवशी तिनं परात, वाकळा, कोंबड्या सगळं शेतात उधळलं. आईनं घोंगडीचा तुकडा कापून दोन झापडं शिवली आणि तिला बांधली. तेव्हापासून ती सरळ चालू लागली.

दुसरी खोड जास्त अवघड होती. घोडी चालता चालता मध्येच थांबायची. ओढून, ओरडून, दांडक्यानं हुसकूनही हलायची नाही. मग आपोआप चालायची. वडील वैतागले. ते म्हणाले, "शेटजीनं बकऱ्याचा सूड काढला."

आईच्या ध्यानात आलं. तिला चालता येत नव्हतं म्हणून घोडी सरळ चालू लागल्यावर तिलाच ओझ्याच्या वर बसवलं होतं, आणि वरून तिला सगळं दिसायचं. "कुनी हात वर केला का थांबती ती," आई म्हणाली. "टांग्याला हात करत्यात न्हाई का, तसं." आणि मेंढक्या दिवसभर करतो काय? हात वर करूनच कळप वळवतो. वडिलांनी हात उचलला की घोडी सवारी घ्यायला उभी राहत होती. पुढं आम्ही सगळे घोडीपुढं हात खाली ठेवून नुसत्या आवाजावर मेंढरं वळवायला शिकलो. दुसऱ्या वाड्यातली माणसं आम्हाला विचारायची, तुमचे हात बांधलेत का. आईनं मात्र तिची खोड मोडू दिली नाही. पाय बरा झाल्यावर ती घोडीच्या पुढून चालायची आणि ठणका लागला की हात वर करायची. घोडी थांबायची.

पुढच्या साली वडिलांनी दिलेला शब्द पाळला. सगळा वाडा दोन मैल वाकड्या वाटेनं वळवून त्यांनी घोडी पांजरपोळाच्या फाटकात नेली. शेठजींनी तिच्याभोवती एक फेरी मारली, पेन्शनरनं पायाचा आवाज ऐकला. नदीकाठच्या रानात तीन रात्री मेंढरं बसली, नुसती आमचीच नाही, सगळ्या दहा-बारा घरांची. वडिलांनी बाकीच्यांना कसं पटवलं ते मला माहीत नाही. त्या साली कडवळ छातीइतकं आलं असं पेन्शनरनं मला कॉलेजच्या वाटेवर थांबवून सांगितलं. त्यानंतर मेंढरांची तारीख पांजरपोळाच्या वहीत आधीच लिहून ठेवू लागले.

तिसऱ्या साली आमच्या वाड्यातल्या दुसऱ्या एका घराला तिथून गाढवी मिळाली. मग एका घराला कुबडा बैल. शेठजींनी नियम बदलला. घर दाखवता येत नसेल तर जनावर दाखवायला आणायचं, आणि ज्याला आधी दिलं आहे त्यानं नव्याची हमी घ्यायची. बकऱ्याचा विषय ते कधी काढत नसत. एकदाच मला म्हणाले, "तुझ्या वडिलांनी त्या दिवशी मला आजारी ठरवलं." मी म्हणालो, "अजून त्यांना वाटतं." ते हसले.

मला सोपं होतं असं नाही. सुट्टीत मी वाड्यावर जायचो, मेंढरं राखायचो, झाडाखाली बसून पुस्तकं वाचायचो. एक विषय एकदा बुडाला तो परत दिला. पण मधल्या काळात वडील कॉलेजच्या फाटकाशी ये म्हणून उभे राहिले नाहीत. घोडी दाखवायला आले की तेवढ्यापुरते येत, लिंबाखाली बसून भाकरी सोडत, आणि "किती राहिलं?" एवढंच विचारत. मी किती राहिलं ते सांगायचो.

निकाल लागला तेव्हा वाडा गावाकडं, माळावर होता. मी सांगलीहून मिळेल त्या गाडीनं आणि शेवटचं अंतर चालत गेलो. वडील मेंढरं कातरत होते. मी सांगितलं. त्यांनी कातर खाली ठेवली, हात घोंगडीला पुसले आणि विचारलं, "समदं झालं? आता काय राहिलं न्हाई?"

"समदं झालं," मी म्हणालो.

मी बी.ए. झालो. आमच्या भावकीत पहिला. आणि घोडी आल्यापासून त्या दिवसापर्यंत आईनं डोक्यावर एकदाही ओझं घेतलं नव्हतं.